वाचन-शिक्षणाच्या त्रैमासिकात पाहुणा लेख लिहायचा असेल तर : कोल्हापुरातला माझा अनुभव

हा रिव्ह्यू आपल्या कोल्हापुरातून निघणाऱ्या एका छोट्या त्रैमासिकाचा आहे, पण वाचक म्हणून नाही, तिथं पाहुणा लेख लिहिणारी म्हणून. अंकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि नोकऱ्या सांभाळून पदरमोड करून काढलेल्या अंकाचं नाव तक्रारीसकट व्हॉट्सॲपवर फिरावं हे मला पटत नाही. त्यांचा विषय एकच, वाचन आणि शिकणं, आणि बरेचसे लेख बाहेरच्यांचेच असतात, म्हणजे शिक्षक, पालक, क्लास घेणारे, ग्रंथालयात काम करणारे. मागं एकदा एका एसटी कंडक्टरनं डेपोत पेपर आणि पुस्तकं कशी हातोहात फिरतात त्यावर लिहिलेलं, लई भारी होतं ते.

मी मंगळवार पेठेत संध्याकाळचा क्लास घेते, दुसरी ते पाचवीची मुलं. माझा लेख आल्यापासून बऱ्याच जणी विचारायल्यात की तिथं लिहिणं कसं असतं, आपण लिहावं का, पैसे देतात का, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

सगळ्यात चांगली गोष्ट पहिल्यांदा. ते पूर्ण लेख मागत नाहीत, आधी विषय मागतात. चार-पाच ओळी पाठवायच्या आणि त्यात एवढं आलं पाहिजे की कुणाबद्दल लिहिणार, ते तुम्ही स्वतः कुठं बघितलं, आणि वाचणाऱ्या मास्तरांना किंवा आईबापाला ते वाचून उद्या काय करून बघता येईल. या शेवटच्या प्रश्नावर बरेच विषय गळतात आणि ते बरोबरच आहे असं माझं ठाम मत आहे. "वाचनाचे महत्त्व", "मोबाईल आणि आजची पिढी", "वाचाल तर वाचाल" असले विषय गेले की लगेच नको म्हणून उत्तर येतं. १५ ऑक्टोबर जवळ आला, म्हणजे कलामसाहेबांचा जन्मदिवस, जो २०१५ पासून आपल्याकडं वाचन प्रेरणा दिन म्हणून करतात, की असल्या लेखांचा ढीग पडतो म्हणं त्यांच्याकडं. त्यात चुकीचं काहीच नसतं, पण वाचून झाल्यावर हातात पण काही राहत नाही. ज्या आईचं पोरगं तिसरीत जाऊन पण ओळ धड वाचत नाही तिला वाचनाचं महत्त्व आणि काय सांगायचं, तिला ते माहीत आहे म्हणूनच ती संध्याकाळी त्याला क्लासला आणून सोडते ना.

माझा विषय होता र. हो, नुसता र. मराठीत जोडाक्षरात र चार तऱ्हांनी येतो, प्रकाशमधला, ट्रकमधला, पर्वतमधला डोक्यावरचा रफार, आणि सुऱ्या-तऱ्हामधला. बाराखडी पक्की झालेली, साधे शब्द घडाघडा वाचणारी मुलं या र पाशी येऊन अडकतात हे मी वर्षानुवर्षं बघते. विषय पाठवला आणि संपादक मॅडमचा फोन आला, तो फोन म्हणजे माझ्या मते या अंकाची खरी किंमत आहे. त्यांनी विचारलं, "ताई, अडकतात म्हणजे नक्की काय करतात? थांबतात, अंदाजानं काहीतरी ठोकून देतात, की पुढचं अक्षर आधी वाचतात?" आणि हे लिहून काढल्याशिवाय लेखाला हात लावू नका म्हणाल्या.

मग मी क्लासमध्ये वही घेऊन बसले आणि मुलं वाचताना काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहीत गेले, दुरुस्त न करता, आणि न टोकता नुसतं ऐकायचं हे शिकवणाऱ्या माणसाला किती अवघड जातं ते ज्यांनी शिकवलंय त्यांनाच कळेल. तर दिसलं असं की रफारात गडबड वेगळीच आहे. रफार काढतात पुढच्या अक्षराच्या डोक्यावर पण म्हणायचा असतो त्या अक्षराच्या आधी, म्हणजे डोळा पुढं गेला तरी तोंडानं मागंच थांबायचं, आणि तिथं काही मुलं "धर्म"ला "धमर" वाचतात. ती मुलं अक्षरं ओळखतात, फक्त क्रम उलटा लागतो. पण "प्रकाश"ला "परकाश" म्हणणारं मूल तसं नाही. ते कदाचित बरोबर वाचतंय आणि घरी जसं बोलतात तसं म्हणतंय, कारण आपल्याकडं कितीतरी घरात आजी परकाशच म्हणते. या दोन मुलांना एकच उपाय करून चालणारच नाही. पहिल्याला रफाराचे शब्द तोडून दाखवायला लागतात, सावकाश बोट फिरवून, आणि दुसऱ्याला काही करायची गरज आहे का हाच प्रश्न, त्याला अर्थ कळला की झालं.

हे मॅडमनी विचारलं नसतं तर माझ्या लेखात "मुले जोडाक्षरे वाचताना अडखळतात" एवढंच एक वाक्य आलं असतं. त्या फोनमुळं लेखाचा गाभाच बदलला, आणि खरं सांगायचं तर माझं शिकवणं पण बदललं, आता मी चूक ऐकली की आधी ती कुठल्या जातीची आहे ते बघते आणि मग बोलते.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे आकड्यांबाबतचा कडकपणा. लेखात "इतके टक्के मुलं वाचू शकत नाहीत" असं कुणी लिहिलं तर कुठल्या पाहणीत, कुठल्या साली, कुठल्या इयत्तेत ते सगळं विचारतात, आणि सांगता आलं नाही तर आकडा काढून टाकतात. त्यापेक्षा मूल कुठल्या पायरीवर आहे ते लिहा म्हणतात. "प्रथम" नावाच्या संस्थेची "असर" पाहणी, म्हणजे गावोगाव मुलांना वाचायला देऊन बघतात ती, २००५ पासून चालू आहे, तिच्या पायऱ्या सरळ आहेत, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. "मूल कच्चं आहे" म्हटल्यावर कुणालाच काही कळत नाही, पण "शब्द वाचतं, उताऱ्यावर अडतं" म्हटलं की वाचणाऱ्या शिक्षकाला लगेच कळतं आपण कुणाबद्दल बोलतोय. मुलांची नावं, शाळेचं नाव, गल्ली, काही लिहू देत नाहीत, हे पण फार चांगलं, नाहीतर पेठेत कुणाचं पोरगं ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत.

वाचायला उतारे कुठनं घ्यायचे हा प्रश्न होता, त्याला मॅडमनी बालभारतीचं "किशोर" हे मुलांचं मासिक सुचवलं. नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन फुकट ठेवलेत, आणि ज्यांना अजून माहीत नाही त्यांनी आज रात्रीच बघा, गोष्टी, कविता, चित्रं, सगळं. मोबाईलवर वाचायला अक्षर बारीक पडतं म्हणून मी पानं मोठी करून प्रिंट काढते. स्टोरीवीव्हर नावाच्या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर पण मराठी गोष्टी पायरीपायरीनं लावलेल्या आहेत, त्या मोकळ्या परवान्याच्या असल्यामुळं गोष्टीचं आणि लिहिणाऱ्याचं नाव देऊन लेखात वापरता येतात, हे मला या निमित्तानं कळलं.

आता एक गोष्ट जी मला फार आवडली आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मी मॅडमना विचारलं होतं की एवढ्या बारकाईनं का तपासता, लेखाखाली नाव तर माझंच येणार. तर त्यांनी विजापूरकरांचं सांगितलं. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर, राजाराम कॉलेजात शिकवायचे, १८९४ साली त्यांनी कोल्हापुरातून ग्रंथमाला नावाचं मासिक काढलं, पुढं विश्ववृत्त काढलं. त्या विश्ववृत्तात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा "वैदिक प्रार्थनांची तेजस्विता" हा लेख छापला, सरकारला तो राजद्रोह वाटला, आणि १९०८ च्या खटल्यात तो लेख छापला म्हणून विजापूरकर आणि मासिकाचे संपादक वा. म. जोशी यांना तुरुंगवास झाला. मॅडमचं म्हणणं एवढंच की पाहुण्याचा लेख छापणं म्हणजे त्याच्या शब्दाला आपण पण जामीन राहणं, आणि या गावात ते लोकांनी खरोखर निभावलंय. मंगळवार पेठेतल्या क्लासवालीच्या र वरच्या लेखाला कोण तुरुंगात टाकणार, ते सोडा, पण ज्या गंभीरपणानं त्या माझ्यासारखीचा लेख वाचतात तो कुठनं आला ते मला त्या दिवशी कळलं.

गावातले विषय पण त्यांना हवे असतात आणि ते फार कमी लोक पाठवतात. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं हे सगळे भाषणात सांगतात, पण आपल्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला असा पहिला, हे किती जणांना माहीत आहे? महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ मध्ये. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचं, म्हणजे दर्पण हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र निघाल्यावर वीसेक वर्षांत आपल्या गावात ग्रंथालय होतं. गावोगावच्या छोट्या वाचनालयात आज कोण येतं, काय मागतं, स्पर्धा परीक्षेची मुलं सोडून कोण बसतं, यावर कुणीतरी बघून लिहावं अशी त्यांची फार इच्छा आहे. ग्रंथालयात नोकरी करणाऱ्यांनो, हा विषय तुमचा आहे, घ्या.

आता खटकलेलं. आणि हे पण तेवढ्याच मनापासून लिहिते.

छपाई. लेख मी फोनवर युनिकोडमध्ये टाईप करून पाठवला, प्रेसवाल्याकडं जुना फॉन्ट, तिथं तो बदलून घेतात, आणि त्या बदलाबदलीत ऱ्य चा र्य झाला. माझ्या लेखात शेवटी एक जोडी दिली होती, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, म्हणजे गुरुजींना आणि स्वयंपाक्यांना, रफार आणि हा आडवा र यातला फरक मुलांना एका दमात कळावा म्हणून. अंकात छापून आलं "आचार्यांना आणि आचार्यांना". बाकी कुठल्या लेखात हे झालं असतं तर वाचणाऱ्यानं समजून घेतलं असतं, पण र वरच्या लेखात र च चुकला तर त्या लेखाचं राहिलं काय? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, खरंच. अंक हातात पडेपर्यंत मला पान दाखवलंच नव्हतं, हीच माझी मुख्य तक्रार आहे. फोन केला तर मॅडमनी ऐकून घेतलं, उडवाउडवी केली नाही, पुढच्या अंकात पहिल्याच पानावर शुद्धिपत्र छापलं, जोडी बरोबर करून, ठळक अक्षरात. त्याबद्दल मान आहे. पण तोवर अंक शाळाशाळांत जाऊन पोचलेले होते. आता लेखकाला आधी पीडीएफ पाठवायला लागलेत असं कळलं. तुम्ही लिहिणार असाल तर पीडीएफ मागून घ्याच, आणि ती वाचताना अर्थ वाचू नका, नुसती जोडाक्षरं तपासा, ऱ्य, ऱ्ह, श्र, द्ध, द्य, आणि र्‍हस्व-दीर्घ, एवढं बघितलं तरी बरंच वाचतं.

भाषेचं पण जरा बोलायचंय. मी "लेकरं" लिहिलं होतं, छापलं "बालके". "बोट फिरवत ऱ्हायचं" चं "बोट फिरवत राहावे" झालं. प्रमाणभाषा पाहिजे हे मला मान्य, सूचना असतील, व्याख्या असतील तिथं पाहिजेच. पण ज्या लेखाचा मुद्दाच हा की घरच्या बोलीतला उच्चार म्हणजे चूक नव्हे, त्याच लेखातली बोली पुसून टाकणं बरोबर नाही. हे मी मॅडमना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या हे काम मुद्रितशोधन करणाऱ्या सरांनी केलं, ते जुन्या वळणाचे आहेत. असतील, पण लेखकाला विचारून बदलायला काय हरकत आहे? वाक्य छोटं केलं, परिच्छेद हलवला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट लेख सुधारला. शब्द बदलताना विचारा एवढंच.

वेळ फार लागतो. त्रैमासिक आहे त्यामुळं लेख मंजूर झाला तरी ह्या अंकात की पुढच्या ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. शाळा जूनमध्ये चालू होतात, जोडाक्षरांवरचा लेख तेव्हा यायला पाहिजे होता, आला दिवाळीच्या तोंडावर. सुट्टीत शिक्षक मंडळी अंक उघडतात का नाही कुणास ठाऊक.

पैसे. मानधन नावापुरतं आहे आणि अंकाच्या प्रती देतात. यावर मी जास्त लिहीत नाही, अंक कसा चालतो ते बघितलंय. फक्त ते आधीच स्पष्ट सांगावं, फोनवर विचारायला आपल्यालाच अवघड वाटतं.

हक्कांचं मात्र नीट समजून घ्या, कारण ह्यात आपल्या बायका फार भोळेपणा करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचे हक्क तुमचेच असतात, ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यायला लागतात, आणि त्या लेखी कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. इथं कागदच काही होत नाही. विचारलं तर "हक्क तुमचेच हो ताई" म्हणतात, आणि त्या खरं बोलतात याबद्दल मला शंका नाही, पण उद्या त्यांनी निवडक लेखांचं पुस्तक काढलं किंवा कुणी दुसऱ्यानं लेख उचलला तर काय, याचं उत्तर दोन ओळींच्या पत्रात देता येतं. तेवढं पत्र त्यांनी प्रत्येक लेखकाला द्यावं. संपादकाची पण त्यातच सोय आहे.

एक नियम काहींना आवडत नाही, मला आवडतो. लेखाखाली तुमचं नाव, गाव आणि काय काम करता एवढंच येतं. क्लासचं नाव, फोन नंबर, प्रवेश सुरू, असलं काही नाही. माझ्या ओळखीच्या एकांनी यावरून लेखच मागं घेतला. मला विचाराल तर वाचणारा आई-बाप विश्वासानं पान उघडतो, त्याला तिथं जाहिरात दिसली की पुढचं तो वेगळ्या नजरेनं वाचणार.

लेख आल्यावर काय झालं तेही सांगते. गडहिंग्लजकडच्या एका शिक्षिकेनं अंकाच्या पत्त्यावर पत्र पाठवलं, हातानं लिहिलेलं. त्यांच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत, आणि त्यांच्या चुका माझ्या यादीत कुठंच बसत नाहीत असं त्यांनी चार उदाहरणं देऊन लिहिलं होतं. मॅडमनी ते पत्र मला दाखवलं आणि त्या बाईंना कळवलं की हाच तुमचा लेख, असाच लिहा, मोठा करा. माझ्या लेखातलं कमी पडलेलं दुसऱ्या कुणीतरी स्वतः बघून भरून काढलं, यापेक्षा जास्त मला काय पाहिजे होतं. मी ती उदाहरणं माझ्या वहीत उतरवून घेतलीत.

तर कुणी लिहावं? जे रोज मुलांसोबत, पुस्तकांसोबत बसतात त्यांनी जरूर. अंगणवाडी ताईंनी तर लिहावंच, त्यांच्याकडचं कुणी विचारतच नाही. टाईप करता येत नसेल तर कागदावर लिहून दिलेलं पण घेतात, फोनवर बोलून टाईप करायची सोय पण वापरता येते, फक्त ती आपली कोल्हापुरी पटकन पकडत नाही, नंतर एकदा बसून वाचायला लागतं. ज्यांना महिन्याला चार ठिकाणी नाव दिसायला पाहिजे त्यांच्यासाठी ही जागा नाही, एका लेखामागं ते तीन-तीनदा फोन करतात आणि प्रत्येक फोनमध्ये काम वाढतं.

पाच पैकी चार देईन. संपादनाला पाचाला पाच, छपाईला दोन.

पुढचा विषय पाठवलाय मी, पाढे पाठ असूनही शाब्दिक गणित न वाचता येणाऱ्या मुलांचा. "वाचता येत नाही की समजत नाही, आधी ते बघा" असं उत्तर आलंय, त्यामुळं सध्या वही परत उघडलीय. या वेळी लेखासोबत हक्कांचं पत्र पण मागणार आहे.